मद्रासच्या गल्ल्यांत मोजलेल्या गोळ्या

1959 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये एक प्रबंध छापून आला. पानं नव्वदच्या वर. लेखकाच्या जागी कुणा एकाचं नाव नाही, फक्त ‘ट्यूबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर, मद्रास’. प्रश्न साधा होता. क्षयाच्या रुग्णाला सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयाच्या खास रुग्णालयात ठेवून औषध दिलं आणि तेच औषध त्याला घरी राहून घ्यायला सांगितलं, तर फरक किती पडतो?

मी क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत काम करते. या आजारावर रोज काही ना काही नवं छापून येतं, त्यातलं जमेल तेवढं वाचते आणि बरंचसं विसरते. हा जुना प्रबंध मात्र मी पुन्हा पुन्हा काढून वाचते. शोध म्हटलं की आपल्याला नवं औषध, नवं यंत्र, नवा जंतू आठवतो. इथे यातलं काहीच नव्हतं. औषधं जुनीच होती, जंतू माहितीचा होता. नवी होती ती फक्त गरीब माणसाच्या घराकडे बघण्याची नजर, आणि त्या नजरेने जगभरातल्या क्षयरुग्णांचं आयुष्य बदललं.

तो प्रश्न तेव्हा किती धाडसाचा होता हे कळायला थोडं मागे जावं लागतं. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 ला बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर पाच वर्षंही झाली नव्हती, तेव्हा 26 फेब्रुवारी 1887 ला आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. वय जेमतेम एकवीस. फिलाडेल्फियातून एम.डी. होऊन आलेली बाई, रोगाचं कारण जगाला कळलेलं, आणि तरी तिच्यासाठी द्यायला कुणाकडे काहीही नव्हतं. कारण कळणं आणि इलाज सापडणं यांच्यामध्ये पुढची साठ-पासष्ट वर्षं गेली. त्यातली एक गोष्ट मला फार लागते. आयसोनियाझिड नावाचा पदार्थ प्रागमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी 1912 सालीच तयार केला होता. तो क्षयाच्या जंतूला मारतो हे कळलं 1952 मध्ये. मधली चाळीस वर्षं औषध जगात होतं आणि माणसं मरत होती.

या मधल्या काळात उपाय एकच होता, तो म्हणजे हवा, विश्रांती, खुराक. आपल्याकडेही त्याची ठिकाणं झाली. पाचगणीला डॉ. बिलिमोरियांनी 1912 मध्ये बेल-एअर काढलं, मिरजेजवळ वानलेसवाडीला मिशनचं सॅनेटोरियम उभं राहिलं. उंच छत, लांब व्हरांडे, ओळीने मांडलेल्या खाटा. पैसा असणाऱ्याची किंवा नशिबाने खाट मिळालेल्याची ही सोय. बाकीच्यांसाठी वाड्यातली मागची खोली. आमच्याच घरात आजोबांचे धाकटे भाऊ अशा खोलीत राहिले आणि तिथेच गेले. त्यांचं ताट-वाटी-तांब्या वेगळा होता, दाराशी जेवण ठेवून माणूस मागे फिरायचा, आणि घरात कुणी रोगाचं नाव घेत नसे. “छातीत डाग पडलाय” एवढंच म्हणायचं. मुलींच्या लग्नाच्या वेळी तर तेवढंही नाही.

स्ट्रेप्टोमायसिन आलं 1943 मध्ये, अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात, अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याच्या हातून. नोबेल मात्र 1952 मध्ये एकट्या त्याच्या गुरूंना, सेल्मन वॅक्समन यांना मिळालं. औषध थोडं होतं आणि मागणी अफाट. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्या टंचाईचाच उपयोग करून एक प्रयोग आखला. कुणाला औषध द्यायचं आणि कुणाला नुसती विश्रांती, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता बंद लिफाफ्यांतल्या चिठ्ठ्यांवर, म्हणजे निव्वळ योगायोगावर सोडलं. त्यामागचं डोकं ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाचं. 1948 मध्ये निकाल आला. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 पैकी 4 जण दगावले, न मिळालेल्या 52 पैकी 14. औषध चालतं, हे पहिल्यांदाच कुणालाही नाकारता येणार नाही अशा रीतीने सिद्ध झालं. पण त्याच प्रबंधात धोक्याची खूणही होती. औषध घेणाऱ्या पुष्कळांच्या जंतूंनी काही महिन्यांत त्या औषधाला दाद देणं बंद केलं. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात, आणि त्यात एखाद्या औषधाला न जुमानणारे थोडे आधीपासूनच असतात. एकटं औषध बाकीच्यांना मारून याच थोड्यांना मोकळं रान देतं. दोन औषधं एकदम दिली की दोघांनाही पुरून उरणारा जंतू सापडणं फार अवघड होतं. क्षयाच्या औषधोपचाराचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे, आणि गोळ्या मध्येच सोडू नका असं आम्ही जे परोपरीने सांगतो, ते यासाठीच.

आता 1956 सालचं मद्रास. देश नवा, रुग्ण लाखो, आणि सॅनेटोरियमच्या खाटा काही हजार. त्याच सुमारास झालेल्या देशव्यापी पाहणीत असंही दिसत होतं की क्षय हा फक्त शहरातल्या चाळींचा रोग नाही, खेड्यातही तो तितकाच आहे. सगळ्यांना पुरतील एवढ्या खाटा बांधायच्या तर पिढ्या गेल्या असत्या. म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून मद्रासच्या चेटपेट भागात हे केंद्र सुरू केलं. मुदत पाच वर्षांची. त्याचे पहिले प्रमुख वॉलेस फॉक्स. लंडनहून आलेला, पस्तिशी नुकती ओलांडलेला डॉक्टर.

घरी उपचार करावेत अशी कल्पना त्याआधीही लोक मांडत होते, पण नाइलाज म्हणून. सॅनेटोरियम परवडत नाही ना, मग घरी तर घरी. फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मोठेपण मला यात दिसतं की त्यांनी ही तडजोड नुसती मान्य करून टाकली नाही. गरिबाला दुय्यम दर्जाचा उपचार देऊन वर ‘भारतासारख्या देशात एवढंच शक्य आहे’ असं म्हणणं सोपं होतं. त्यांनी विचारलं, हा उपचार खरोखर दुय्यम आहे का? आणि उत्तर मोजून काढायचं ठरवलं.

मद्रासच्या गरीब वस्त्यांमधले रुग्ण घेतले. आजार किरकोळ नव्हता. फुप्फुसात पोकळ्या पडलेल्या, थुंकीत जंतू दिसणारे, अंगावर मांस नसलेले लोक. कोण घरी राहणार आणि कोण सॅनेटोरियमला जाणार हे लिफाफ्यांच्याच पद्धतीने ठरलं. दोन्हीकडे औषध तेच, आयसोनियाझिड आणि पास, रोज, वर्षभर. पास हे औषध आज कुणाच्या फारसं आठवणीत नाही. ढीगभर घ्यावं लागायचं, पोट बिघडायचं, तोंडाची चव जायची. वर्षभर ते घरी बसून कुणी घेईल यावर बऱ्याच शहाण्यासुरत्या लोकांचा विश्वास नव्हता.

सॅनेटोरियममधल्याला खाट, नर्स, वेळेवर जेवण, दूध, अंडी, सक्तीची विश्रांती. घरच्याला एक खोली, त्यात पाच-सात माणसं, जमेल ते अन्न, आणि थोडं बरं वाटायला लागलं की काम. आठवड्याला एकदा केंद्रात येऊन औषध न्यायचं. मग केंद्रातला माणूस न कळवता घरी जायचा, डब्यात किती गोळ्या उरल्यात ते मोजायचा, आणि लघवीचा नमुना घेऊन औषध पोटात गेलंय का ते तपासायचा. हेल्थ व्हिजिटर आणि नर्स उन्हातान्हात गल्लीबोळातून फिरत, पत्ता शोधत, घरातल्या म्हातारीशी बोलत. त्यांची नावं मला माहीत नाहीत, प्रबंधावर तर कुणाचंच नाव नाही. पण आकड्यांच्या त्या तक्त्यांमागे त्यांच्या चपला झिजल्या आहेत हे माझ्यासारखीला वाचताना जाणवतं. एखाद्या रकान्यात ‘माहिती उपलब्ध नाही’ असं जवळजवळ कुठेच नाही, याचा अर्थ कुणीतरी परत परत त्या दाराशी गेलं होतं.

वर्ष संपलं तेव्हा सॅनेटोरियमच्या 92 टक्के रुग्णांची थुंकी जंतूमुक्त होऊन आजार शांत झालेला होता, घरच्यांपैकी 86 टक्क्यांची. दोन्ही गटांत ऐंशीच्या आसपास माणसं, म्हणजे एवढा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. पुढे पाच वर्षं त्याच माणसांचा पाठपुरावा केला, तेव्हा दोन्ही गट जवळपास एका पातळीवर होते.

पण खरा धक्का दुसऱ्याच निकालात होता. घरात ठेवलेल्या रुग्णामुळे बायकोमुलांना जास्त लागण व्हायला हवी, ही तर सगळ्यांचीच खात्री. सॅनेटोरियमचं अर्धं समर्थन त्यावरच होतं. घरातल्या माणसांच्या तपासण्या केल्या, त्यांचाही पाच वर्षं पाठपुरावा केला. रुग्ण घरी राहिलेल्या कुटुंबात आणि रुग्ण दूर गेलेल्या कुटुंबात नव्या आजारांचं प्रमाण सारखंच निघालं. कारण घरच्यांना जी लागण व्हायची ती रोग ओळखला जाण्याआधीच्या महिन्यांत झालेली असते, जेव्हा तो माणूस नुसता खोकत होता आणि कुणी तपासलं नव्हतं. औषध सुरू झालं की संसर्ग झपाट्याने ओसरतो. मागच्या खोलीत कोंडून ठेवलेल्या आमच्या त्या आजोबांना औषध मिळालं असतं, तर ती खोली लागलीच नसती.

मला वाटतं, ताट वेगळं ठेवण्याच्या रीतीला याहून सभ्य उत्तर कुणी दिलेलं नाही. रोग ताटातून, कपड्यातून, अंथरुणातून येत नाही, हवेतून येतो, आणि तोही उपचार न झालेल्या माणसाच्या खोकल्यातून. आजही घरोघरी सुनेचं ताट वेगळं होतं, तिला माहेरी धाडलं जातं. तिला औषध सुरू झाल्यावर! ज्या क्षणी ती घरासाठी सुरक्षित व्हायला लागते, नेमक्या त्याच क्षणी घर तिला बाहेर काढतं.

या प्रबंधानंतर जगभरात सॅनेटोरियमं ओस पडू लागली. त्यामागे इतरही कारणं होती, पण मद्रासच्या आकड्यांनी त्यांच्या बाजूचा शेवटचा युक्तिवाद काढून घेतला. पाच वर्षांसाठी सुरू झालेलं ते केंद्र आजही चेटपेटला आहे. आता त्याचं नाव राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था. फॉक्स 1961 मध्ये परत गेले आणि पुढे दोन दशकं ब्रिटनच्या क्षय आणि छातीच्या आजारांच्या संशोधन विभागाचे प्रमुख राहिले. जंतुशास्त्रज्ञ डेनी मिचिसन यांच्या साथीने त्यांनी पूर्व आफ्रिकेत, हाँगकाँगमध्ये, सिंगापूरमध्ये प्रयोग केले. रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड या औषधांच्या जोरावर दीड-दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आला. आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारा सहा महिन्यांचा कोर्स ज्या प्रयोगांतून आला, त्यांची सुरुवात या मद्रासच्या गल्ल्यांतली.

फॉक्स यांच्याबद्दल एक गोष्ट मात्र मला नीट सोडवता आलेली नाही. घरी गोळ्या मोजताना त्यांना हेही दिसलं की बरीच माणसं औषध चुकवतात. गरीब असो, श्रीमंत असो, बरं वाटायला लागलं की गोळी राहून जाते. त्यांनी ते लपवलं नाही, उलट त्यावर सविस्तर लिहिलं. त्यातूनच केंद्रात कुणाच्या तरी समोर, आठवड्यातून दोनदा औषध देण्याचे प्रयोग झाले, आणि पुढे जगभर जे डॉट्स म्हणून गाजलं त्याचं एक मूळ तिथे आहे. आपल्याकडे 1997 पासून हा कार्यक्रम राबवला गेला. रुग्णाने दिवसाआड केंद्रात यायचं, समोर गोळी गिळायची. लाखो माणसं त्याने बरी झाली हे खरं. पण मजुरीवर जाणाऱ्याची सकाळ त्यात जायची, ओळखीचं कुणी बघेल म्हणून बाया दोन गावं पलीकडच्या केंद्रात नाव घालायच्या, हेही खरं. 2017 पासून रोजच्या गोळ्या घरी नेण्याची पद्धत पुन्हा आली. ज्या प्रयोगाने रुग्णावर घरात विश्वास टाकला, त्याच प्रयोगाच्या पोटातून त्याच्यावर नजर ठेवणारी पद्धत जन्मली. माझं मत विचाराल तर नजर ठेवण्यापेक्षा दाराशी जाणारं माणूस हवं. आज ते काम आशाताई करतात, आणि त्यांना मिळणारं मानधन त्या कामाला शोभणारं नाही.

रुग्णालाच दोष देण्याची सवय आपल्या वैद्यकात खोलवर आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी 1963 मध्ये त्या सवयीला उत्तर दिलं. खेड्यांत फिरून ते क्षयाच्या रुग्णांशी बोलले. तेव्हा समज असा होता की अडाणी लोक खोकला अंगावर काढतात, दवाखान्यात येत नाहीत. दिसलं भलतंच. निम्म्याहून अधिक रुग्ण आजारासाठी दवाखान्यात जाऊन आलेले होते. तिथून त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवलं होतं. माणसं येत होती, तपासणारे तपासत नव्हते.

आणि तीस वर्षांनी मुंबईत? डॉ. मुकुंद उपलेकर यांनी 1991 मध्ये मुंबईच्या गरीब वस्त्यांतल्या शंभरएक खासगी डॉक्टरांना विचारलं, क्षयाच्या रुग्णाला काय लिहून द्याल? ऐंशी वेगवेगळी उत्तरं आली. ठरलेला, सिद्ध झालेला उपचार डोळ्यांसमोर असताना ऐंशी! मग डॉ. झरीर उदवाडिया, उपलेकर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये धारावीत तोच प्रश्न पुन्हा विचारला. 106 डॉक्टरांपैकी फक्त 6 जणांचं प्रिस्क्रिप्शन बरोबर होतं. याच मुंबईतून पुढच्या दोन वर्षांत उदवाडियांनी जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगासमोर मांडले. ती बातमी ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटलं. धारावीचे आकडे वाचलेल्याला वाटायचं कारण नव्हतं. चुकीचं प्रिस्क्रिप्शन म्हणजे एकट्या स्ट्रेप्टोमायसिनचीच गोष्ट, परत घडवलेली.

उपलेकरांसारख्यांचं काम प्रयोगशाळेच्या बाहेरचं आहे आणि म्हणून त्याला संशोधन म्हणायला अनेकांची जीभ अडखळते. मला ते फॉक्सच्या रांगेतलं वाटतं.

माझं स्वतःचं काम मात्र चार भिंतींच्या आतलं. सकाळी डब्या येतात. झाकणाला चिकटवलेलं लेबल, आत बेडका. आधी डोळ्यांनी बघायचं. पातळ लाळ असेल तर नमुना परत मागवावा लागतो, घट्ट पिवळसर असेल तर उपयोगाचा. काडीने त्यातला दाट भाग उचलून काचपट्टीवर छोट्या गोलाकार हातांनी पसरायचा, वाळवायचा, आचेवर धरून पक्का करायचा. मग कार्बोल फुक्सिनचा लालभडक रंग ओतून खालून वाफ निघेपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही. पाच मिनिटांनी धुवून वर आम्ल. आम्लाने बाकी सगळ्याचा रंग उतरतो. क्षयाच्या जंतूच्या अंगावर मेणचट आवरण असतं, त्यात शिरलेला लाल रंग तो सोडत नाही. शेवटी मिथिलीन ब्लूचा निळा हात. सूक्ष्मदर्शकाखाली मग निळ्या रानात बारीक लाल काड्या दिसतात, कधी एकट्या, कधी जुडीने, किंचित वाकलेल्या. नकारात्मक म्हणण्याआधी किमान शंभर क्षेत्रं बघायची असा नियम. शेवटच्या काही क्षेत्रांत दोनच काड्या दिसल्या तरी त्या एका माणसाच्या, एका घराच्या असतात.

ही पद्धत कॉखच्या काळातली आणि तिची मर्यादा मोठी. थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय त्या लाल काड्या दिसायला लागत नाहीत. आता जंतूची जनुकं ओळखणारं सीबीनॅट हे यंत्र आहे. गोव्याच्या मोलबायो कंपनीने बनवलेलं ट्रूनॅट आहे, जे बॅटरीवर चालतं आणि तालुक्याच्या ठिकाणीही ठेवता येतं. तास-दीड तासात जंतूचा जनुकीय पुरावा मिळतो. रिफॅम्पिसिन चालेल की नाही तेही त्यापाठोपाठ कळतं. हे यंत्र आपल्याकडे तयार झालं याचा मला मनापासून अभिमान आहे.

आणि या यंत्रांमुळेच एक जुना गोंधळ उघडा पडायला लागला. काही वर्षांपूर्वी एका बाईंचा नमुना आला. पन्नाशीच्या, काडीसारख्या बारीक, वर्षानुवर्षं खोकला. क्षयाचा पूर्ण उपचार दोनदा झालेला, तरी थुंकीत लाल काड्या भरपूर. सोबतच्या कागदावर ‘औषधाला दाद न देणारा क्षय?’ असं लिहिलेलं. यंत्रावर लावलं तर क्षयाचा जंतू नाही. पुन्हा लावलं, पुन्हा नाही. कल्चर लावलं. त्यात जंतू उगवला, पण क्षयाचं प्रथिन ओळखणाऱ्या पट्टीवर रेघ उमटली नाही. मग पुढच्या तपासण्यांतून नाव कळलं, मायकोबॅक्टेरियम एव्हियमच्या गटातला जंतू. क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ. त्याच्या अंगावरही तेच मेणचट आवरण, तोही लाल रंग सोडत नाही, काचपट्टीवर दोघांत फरक करता येत नाही.

हे चुलतभाऊ पाण्यात असतात, मातीत असतात, नळाच्या तोटीत असतात. धडधाकट माणसाला त्यांचं काही होत नाही. पण ज्याच्या श्वासनलिका आधीच फुगून सैल पडल्यात, किंवा जुन्या क्षयाने ज्याच्या फुप्फुसात पोकळी ठेवली आहे, तिथे ते मुक्काम करतात. म्हणजे क्षयातून वाचलेल्या माणसालाच त्यांचा धोका जास्त. त्यांचा उपचार वेगळा. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन मुख्य, सोबत आणखी दोन औषधं, आणि थुंकी स्वच्छ झाल्यावरही पुढे वर्षभर. त्यांच्यातला अ‍ॅब्सेसससारखा तर इतका चिवट की नाव ऐकून डॉक्टरांचा चेहरा उतरतो.

या गटाचं महत्त्व भारतात फार पूर्वी एका मोठ्या प्रयोगाने दाखवलं होतं. मद्रासजवळच्या चिंगलपुट जिल्ह्यात 1968 पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर बीसीजीची चाचणी झाली. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून लस वाचवत नाही, असा निराश करणारा निकाल आला. त्याचं एक स्पष्टीकरण असं की तिथल्या माती-पाण्यातल्या या चुलतभावांशी लोकांची लहानपणीच गाठ पडलेली असते आणि त्यामुळे लशीचा वेगळा परिणाम दिसत नाही. मुलांना होणाऱ्या मेंदूच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांत बीसीजी उपयोगी आहे, म्हणून ती जन्मल्याबरोबर देतातच.

त्या बाईंना मी अहवालाच्या निमित्ताने भेटले. त्यांनी पहिला प्रश्न आजाराचा विचारला नाही.

“म्हणजे ताई, माझ्यामुळे नातवाला काही होणार नाही?”

“नाही हो. हा जंतू एकाकडून दुसऱ्याला सहसा जातच नाही. तो पाण्यातला आहे.”

“मग मी त्याला जवळ घेत नव्हते ते उगीचच?”

त्यांना खरं तर क्षय असता तरी औषध सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर नातवाला जवळ घ्यायला हरकत नव्हती. एवढी साधी गोष्ट दोन उपचारांत त्यांना कुणी सांगितली नव्हती. 1959 पासून छापलेली आहे.

मद्रासच्या त्या कामात आणखी एक निकाल होता, आहाराचा. सॅनेटोरियममधले लोक चांगलं जेवत होते, त्यांचं वजन जास्त वाढलं. घरचे लोक कमी खात होते, काम जास्त करत होते, तरी औषधाने जवळपास तितकेच बरे झाले. त्यातून वैद्यकाने सोयीचा निष्कर्ष काढला की खुराकाचं काही एवढं नाही, गोळ्या महत्त्वाच्या. मद्रासच्या लोकांनी तसं म्हटलं नव्हतं. त्यांनी एवढंच दाखवलं की जेवण बेताचं असलं तरी गोळ्या काम करतात. ज्याचं पोट रिकामं आहे त्याला हा रोग होतोच का, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

तो प्रश्न विचारायला साठ वर्षं लागली. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये 2800 रुग्णांच्या घरातल्या दहा हजारांहून अधिक माणसांवर तो तपासला. सगळ्या रुग्णांना शिधा दिला. घरातल्या बाकीच्या माणसांसाठी मात्र काही भागांत माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली, काही भागांत नाही. निकाल 2023 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. शिधा मिळालेल्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण 39 टक्क्यांनी कमी, आणि संसर्ग पसरवणारा फुप्फुसाचा क्षय जवळपास निम्मा. तांदूळ आणि डाळ! अशी कामगिरी करणाऱ्या लशीची जग कितीतरी वर्षं वाट बघतंय.

हे काम वाचलं तेव्हा मला मद्रासचे ते हेल्थ व्हिजिटर आठवले. तेच घर, तीच एक खोली, तीच पाच-सात माणसं. तेव्हा त्यांच्या छातीत काय आहे ते तपासलं, आता त्यांच्या ताटात काय आहे ते. जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे एक भारतात आहे, आणि त्याच्या घरातली माणसं औषधाच्या यंत्रणेला नावानिशी माहीत असतात. त्यांच्यापर्यंत पोचायला नवी वाट शोधावी लागत नाही, आशाताई तिथे जातेच आहे. सरकार रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी पैसे टाकतं, ते आता महिन्याला हजार रुपये झाले, बरं झालं. पण डाळ-तांदूळ घरातल्या प्रत्येकासाठी, औषधाच्या पाकिटाबरोबर, न चुकता मिळायला हवेत असं माझं ठाम मत आहे, आणि जिथे बैठकीत बोलायला मिळतं तिथे मी ते बोलते.

रुग्णाच्या कार्डावर घरात किती माणसं राहतात ते लिहायला जागा असते. त्यांना खोकला आहे का, लहान मुलं किती, तेही लिहितात. त्या प्रत्येकाचं वजन लिहायला एक रकाना वाढवा, एवढं मी मागत असते.